फुलांना लावलेलं सलाईन

लोणच्याच्या कारखान्यात आयुष्य काढलं की माणसाच्या हातांची कातडी बदलते आणि जीभही बदलते. मीठमास्तरांची तर जगाकडे बघायची नजरसुद्धा बदलली होती. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, मीठ लावलेल्या आणि नासणाऱ्या.

मास्तर ही पदवी त्यांना कुठल्या शाळेनं दिलेली नव्हती. काकड्या मुरवायचं खारं पाणी, म्हणजे मिठवणी, तयार करणं हे त्यांचं काम होतं. माणसाच्या उंचीची पिंपं, त्यांत गळ्यापर्यंत काकड्या, वर मिठवणी आणि काकड्या तरंगू नयेत म्हणून लाकडी झाकणावर दगड. मास्तर शिडी चढून पिंपापाशी जायचे, बोट बुडवून जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आणखी एक घमेलं मीठ घाला, किंवा आता कोणी हात लावू नका. मिठाचं प्रमाण मोजायची काचेची नळी कारखान्यात होती, नाही असं नाही. ती आणि मास्तरांची जीभ यांचं बहुतेक वेळा एकमत व्हायचं. ज्या दिवशी मतभेद व्हायचा त्या दिवशी मास्तर नवीन नळी मागवायचे.

नव्यानं कामाला लागलेल्यांना ते पहिल्याच दिवशी एक खेळ करून दाखवत. कापलेल्या काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरायचं आणि म्हणायचं, जा, चहा पिऊन या. माणूस चहा पिऊन येईपर्यंत बशीत पाणी साचलेलं असायचं आणि मघाशी कडक असलेली चकती बोटावर लोळायची. हे पाणी कुठून आलं, असं मास्तर विचारत आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत की ते काकडीच्या पोटातून आलं, मिठानं बोलावलं की पाण्याला घरात बसवत नाही. एवढं सांगून ते असे उभे राहत की ही युक्ती निसर्गानं नव्हे, त्यांनीच शोधून काढली आहे.

आता गंमत बघा. या माणसाचं लग्न झालं ते फुलांचं दुकान चालवणाऱ्या बाईशी. अख्खी गल्ली त्यांना फुलबाई म्हणायची. दुकान त्यांच्या आईचं, कोपऱ्यावरचं, पुढे अरुंद आणि मागे लांब. मागच्या खोलीत एक मोठा दगडी हौद, एक नळ, ओळीनं मांडलेल्या बादल्या आणि ऊन आत येऊ नये म्हणून पांढरा रंग फासलेली खिडकी. म्हणजे नवरा दिवसभर वस्तूंमधलं पाणी बाहेर काढायच्या उद्योगात आणि बायको ते आत टिकवायच्या. रात्री जेवताना दोघं आपापल्या पाण्याच्या गोष्टी सांगत आणि कोणाचंच कोणी ऐकत नसे. संसार मात्र सुखाचा झाला. एक मुलगी झाली, ती शिकून नर्स झाली आणि दवाखान्यात पाळ्या करू लागली.

मग मास्तर निवृत्त झाले. निरोपाची भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घड्याळाकडे बघत बसण्याखेरीज काही काम उरलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या बरण्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या बरण्या भरायला घेतल्या. गाजरं झाली, कोबी झाला, मुळे झाले. पाहुण्यांनी आणलेली द्राक्षंही एका सकाळी मिठवणीत बुडालेली सापडली, तेव्हा फुलबाईंनी हात टेकले. त्या म्हणाल्या, हे असं घरात बसलात तर एक दिवस मलाही बरणीत भराल, त्यापेक्षा दुकानात चला. पण महिनाभर बघू. जमलं तर ठीक, नाही जमलं तर तुमची खुर्ची आणि तुमचं घड्याळ.

मास्तर हसले खरे, पण ते "महिनाभर बघू" त्यांच्या मनाला चांगलंच लागलं. जन्मभर लोकांना कामावर ठेवायचं की नाही हे त्यांनी ठरवलेलं, आणि आता ते स्वतःच उमेदवार झाले होते. शिवाय ती खुर्ची त्यांना खरोखर नको होती. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकली मोजायच्या, हे त्यांना मरणापेक्षा थोडंसंच बरं वाटत होतं.

फुलबाईंची अट एकच होती. पाण्याला हात लावायचा नाही. देठ सोलायचे, काटे काढायचे, कागद कापायचे, फरशी पुसायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, सगळं करायचं, पण बादलीत काय आणि किती घालायचं ते फक्त त्या बघणार. त्यांच्या आईनंही ते कधी कोणाला बघू दिलं नव्हतं.

मास्तरांना ही अट म्हणजे आपल्या हुद्द्याचा अपमान वाटला. पाणी हा तर त्यांचाच विषय. ते बादल्यांभोवती घुटमळत आणि शंका काढत. पहिली शंका पंपाची होती. कारखान्यात मिठवणी वरच्या पिंपात चढवायला केवढा घरघरणारा पंप होता. इथे हातभर लांब देठातून पाणी फुलापर्यंत चढतं, ते कोण चढवतं? फुलबाईंनी सांगितलं की पंप वर आहे, पानांत आहे. पानांतून पाणी सारखं हवेत उडत असतं, दिसत नाही एवढंच. वरचं पाणी उडालं की ते खालच्याला ओढतं, ते त्याच्या खालच्याला, अशी देठातल्या बारीक नळ्यांतून अखंड माळ वर सरकते. मास्तरांनी मान हलवली, पण पटलं नाही हे त्यांच्या भुवयांवर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा फुलबाईंनी दोन बाटल्यांत सारखं पाणी घेतलं, एकीत पानांनी भरलेली फांदी ठेवली, दुसरीत पानं ओरबाडलेली, आणि दोन्ही बाटल्यांची तोंडं कापसानं बंद केली. संध्याकाळी पानांच्या बाटलीतलं पाणी चांगलं खाली गेलेलं होतं. दुसरीतलं जवळपास तसंच होतं. मास्तरांनी आधी बाटलीला तडा आहे का ते तपासलं, मग बायकोनं गुपचूप ओतलं असेल असा संशय घेतला, आणि शेवटी रात्री जेवताना एकदम म्हणाले, की हा पंप आवाज करत नाही हे एक बरं आहे.

त्या दिवसापासून ते फुलांकडे जरा आदरानं बघू लागले. वादही कमी झाले. महिना सरत आला होता आणि काम जमतंय असं दोघांनाही वाटू लागलं होतं, तेवढ्यात लग्नाची ऑर्डर आली.

गावात एक नवीन सभागृह झालं होतं. त्याच्या व्यवस्थापकानं पहिल्याच लग्नाची फुलं फुलबाईंकडे दिली, आणि हे नीट पार पडलं तर पुढचीही सगळी तुमच्याकडेच, असं सांगितलं. लग्नाच्या दिवशी सकाळी बाजारातून माल आला. गुलाब, जर्बेरा, कार्नेशन, लिली, सगळा गुलाबी आणि पांढरा. व्यापाऱ्याचा टेम्पो वाटेत बंद पडला होता म्हणे, त्यामुळे फुलं तापलेली होती. गुलाबांनी माना थोड्या खाली घातल्या होत्या. फुलबाईंनी भराभर देठ कापून सगळं बादल्यांत लावलं. समारंभ संध्याकाळचा होता, हाताशी वेळ होता. आता प्यायली की येतील वर, असं त्या म्हणाल्या आणि मंचाचं माप घ्यायला सभागृहावर गेल्या. जाताना दारातून मागे वळून बोलल्या, "तुम्ही फक्त बसा. काहीसुद्धा करू नका."

काहीसुद्धा करू नका, हे वाक्य मास्तरांना आयुष्यात कधी झेपलेलं नाही.

ते बसले. बादल्यांसमोर स्टूल घेऊन बसले. गुलाब काही वर येईनात. खरं तर फुलबाईंना जाऊन फारसा वेळही झाला नव्हता, पण रिकामं बसलेल्या माणसाला सगळंच उशिरा होतंय असं वाटतं. आणि त्यांच्या डोक्यात सकाळचा चहा घोळत होता. चहा पिताना लेकीनं रात्रपाळीची गोष्ट सांगितली होती. उन्हात फिरून कोमेजलेले एक आजोबा आले होते, ओठ सुकलेले, मान टाकलेली, हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. सलाईन लावलं आणि बाटली संपायच्या आत आजोबा उठून बसले आणि बिस्किटं मागू लागले. मास्तरांनी विचारलं होतं की त्या बाटलीत असतं तरी काय. लेक जांभई देत म्हणाली होती, "काही नाही हो बाबा, मीठ आणि पाणी."

मीठ आणि पाणी. मास्तरांच्या छातीत अभिमानानं कसं भरून आलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

आता समोर हे गुलाब. मान टाकलेले, तापलेले, तहानलेले. माणसाला मिठाचं पाणी देतात, माणूस उठून बसतो. काकडीला देतात, काकडी वर्षभर टिकते. मग या बिचाऱ्यांनीच काय घोडं मारलं आहे? अरुंद गळ्याच्या फुलदाण्या आतून घासायला दुकानात जाड्या मिठाची पिशवी असायची. बायको येईपर्यंत फुलं ताठ उभी असतील आणि मग तिला सांगू की हे कसं झालं, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यांनी पहिल्या बादलीत मूठ सोडली, ढवळलं, बोट बुडवून जिभेला लावलं. आजारी फुलं आहेत, सौम्य असावं, म्हणून त्यांनी लोणच्याच्या निम्मंच ठेवलं. हात सरावाचा होता, बादल्यांमागून बादल्या झाल्या. लिलीपाशी पिशवी संपली, म्हणून लिली आणि तिच्या पलीकडच्या कार्नेशनच्या दोन बादल्या तेवढ्या राहून गेल्या. मास्तरांना त्यांचं वाईट वाटलं.

फुलबाई परतल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मागच्या खोलीत पाऊल टाकताच त्या जागच्या जागी थबकल्या. जर्बेऱ्याचे देठ बादलीच्या कडेवरून मोडल्यासारखे लोंबत होते. गुलाबांच्या माना मघाशी कललेल्या होत्या, त्या आता पार छातीला लागल्या होत्या. पानं हाताला कापडासारखी लागत होती. मास्तर स्टुलावर बसून बघत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी केव्हाच पळालं होतं. फुलं वर यायच्या ऐवजी खाली जाताहेत हे त्यांना दिसत होतं, पण कारखान्यातही मुरायला वेळ लागतो असं ते स्वतःला सांगत राहिले होते.

फुलबाईंनी तडक फोन उचलला आणि बाजारातल्या व्यापाऱ्याला लावला. मग त्या सुटल्याच. इतक्या वर्षांचा व्यवहार, आईच्या वेळेपासूनचा, आणि त्यानं आज, नेमकं आज, उन्हात भाजलेला जुना माल त्यांच्या गळ्यात मारला. पलीकडचा बिचारा शपथा घेत होता, पहाटे तोडलेला माल आहे म्हणत होता, आणि इकडे त्याची पुरती हजेरी घेतली जात होती.

मास्तर ऐकत होते. त्यांनी नुसतं मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. व्यापाऱ्यावर बिल फाटलं असतं, बादल्या ओतल्या गेल्या असत्या, महिना पुरा झाला असता. आणि बोललं तर समोर ती खिडकी, ती खुर्ची, त्या सायकली. आपण घाबरलो आहोत, हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. पण व्यापारी पलीकडून रडकुंडीला आलेला ऐकू येत होता, आणि दुसऱ्याच्या माथी मारलेला दोष मास्तरांनी कारखान्यातही कधी खपवून घेतला नव्हता.

ते उठले आणि म्हणाले, "त्याला नको बोलू. त्याचा दोष नाही. पाण्यात मीठ मी घातलंय."

फुलबाईंनी फोन कानापासून हळूच खाली घेतला. त्यांनी बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"किती घातलं?"

"लोणच्याच्या निम्मं."

फुलबाईंनी आधी फोन परत कानाला लावून व्यापाऱ्याची माफी मागितली, ती मात्र मोकळ्या मनानं, आणि मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चिडायलाही थोडी ताकद लागते, ती त्या गोळा करत होत्या. नेमकी तेव्हाच लेक झोप काढून, दोघांसाठी जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच विचारू लागली की झालं काय, कोण गेलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. आजोबांचंही सांगितलं. ते ऐकून लेकीनं डबा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. बाबांना गोष्ट अर्धीच सांगितली होती, आणि बाबांना अर्धी गोष्ट सांगणं म्हणजे काय असतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मग तिनं उरलेली अर्धी सांगितली. सलाईनमध्ये मीठ असतं ते अगदी चिमटीभर, रक्त जेवढं खारट तेवढंच. कमी नाही आणि जास्त नाही. आपलं अंग काय, फुलाचं अंग काय, सगळं इवल्याइवल्या पिशव्यांचं बनलेलं असतं, त्यांना पेशी म्हणतात. पिशवीच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, पण मिठाला तसं शिरता येत नाही. आत आणि बाहेर खारटपणा सारखा असला की पाणी सुखानं राहतं. बाहेर जास्त झाला की ते पिशव्या सोडून बाहेर धावतं. पिशव्या टम्म भरलेल्या असल्या की देठ ताठ, रिकाम्या झाल्या की देठ लुळा. बाहेर मीठ असलं की देठातून वर चढणाऱ्या पाण्याचीही ओढाताण होते, आणि जे चढतं ते मीठ घेऊनच चढतं.

मास्तर ऐकता ऐकता मध्येच चमकले. हे सगळं त्यांना पाठ होतं. बशी, चकत्या, चहा पिऊन येईपर्यंत साचलेलं पाणी. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला पहिल्या दिवसाचा धडा त्यांच्यासमोर ओळीनं मांडलेल्या बादल्यांत उभा होता.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी फुलांचं लोणचं घातलं."

आधी लेक हसली. तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण ते तिच्याच्यानं झालं नाही. मग फुलबाईंचा राग कुठेतरी मध्येच निसटला आणि त्याही भिंतीला पाठ लावून, पदर तोंडावर धरून हसत सुटल्या. मास्तर तेवढे गंभीर होते. ते बादल्यांकडे बघत होते आणि त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कारखान्यात कधी एखादं पिंप फार खारट व्हायचं. ते कोणी फेकून देत नसे. काकड्या साध्या पाण्यात टाकायच्या, पाणी बदलायचं, पुन्हा टाकायच्या. मीठ सोडून जातं आणि काकडी पाणी पिऊन पुन्हा टरारते. त्यांनी हे लेकीला विचारलं. ती म्हणाली की काकडी भरते, पण फूल जिवंत हवं. पेशी नुसत्या सुकल्या असतील तर भरतील. पडदेच फाटले असतील तर मग काही उपयोग नाही.

"कळणार कसं?" फुलबाईंनी विचारलं.

"करून बघितल्याशिवाय नाही कळणार," लेक म्हणाली.

मग जी तारांबळ उडाली ती विचारू नका. फुलबाईंनी पदर खोचला आणि त्या एकदम मालकीणबाई झाल्या. मीठ घातलेल्या सगळ्या बादल्या मोरीत उलटल्या. देठ नळाखाली धरून धुतले. हौद साध्या पाण्यानं भरला आणि गुलाब पानाफुलांसकट आडवे त्यात बुडवले, म्हणजे नुसत्या देठानं नाही तर सगळ्या अंगानं पाणी पितील. बादल्यांत जाणाऱ्या प्रत्येक फुलाचा देठ पुन्हा कापायचा होता आणि तोही पाण्याच्या आत, कारण हवेत कापला की देठाच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि वर सरकणारी पाण्याची माळ तिथेच तुटते. मास्तर परातीत देठ बुडवून धरत होते, फुलबाई पाण्याखाली कात्री चालवत होत्या आणि लेक पाच-सहा देठांची जुडी करून ओल्या कागदात घट्ट गुंडाळत होती, म्हणजे माना सरळ राहतील आणि पाणी चढलं की तशाच सरळ ठरतील. जास्तीची पानं काढून टाकली. वरचा पंप जरा मंद केलेला बरा, असं मास्तर स्वतःहून म्हणाले, तेव्हा फुलबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

अडचण आली ती हौदापाशी. फुलांतून मीठ पाण्यात उतरत होतं, म्हणजे पाणी बदलायलाच हवं. पण उगाच बदलत बसायला वेळ नव्हता, आणि कमी बदललं तर फुलं पुन्हा खारटातच पडून राहणार. फुलबाईंनी बोट चाखून बघितलं, त्यांना काही लागेना. लेकीलाही नाही.

मास्तर पुढे झाले. बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"आहे अजून," ते म्हणाले. "बदला."

बदललं. थोड्या वेळानं पुन्हा तेच बोट, तेच मिटलेले डोळे. आहे, अगदी पुसट आहे, पण आहे. पुन्हा बदललं. बायको आणि लेक हौदाच्या दोन बाजूंना हातात बादल्या घेऊन उभ्या, आणि मधे हे गृहस्थ तोंडात बोट घालून. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, गेलं. मग त्यांनी एकेका बादलीपाशी जाऊन प्रत्येक पाणी चाखलं. एका बादलीपाशी ते थांबले, पुन्हा चाखलं आणि ती ओतून टाकायला सांगितली. बुडाशी न विरघळलेले मिठाचे खडे निघाले.

नंतर वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. खोलीत काळोख केला, म्हणजे पानांतून पाणी कमी उडेल. डबा उघडून तिघांनी जमिनीवर बसून जेवण उरकलं आणि कोणीही भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं नाही, खरं तर होतं. मास्तर घासागणिक हौदाकडे वळून बघत होते. लेकीच्या लक्षात आलं आणि तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

उन्हं कलायच्या सुमाराला फुलबाईंनी एक जुडी सोडली. आतले गुलाब ताठ उभे होते. त्यांनी एक पान चिमटीत धरून वाकवलं, ते कुरकुरीत मोडलं. कापडासारखं नाही, पानासारखं. त्यांनी दुसरी जुडी सोडली, तिसरी सोडली. सगळंच काही वाचलं नव्हतं. जर्बेऱ्याचा निम्म्याहून जास्त माल गेला होता, काही गुलाबांच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, त्या पाकळ्या अलगद काढाव्या लागल्या. पण बाकीचे उभे होते. आणि ज्यांच्यापर्यंत मीठ पोचलंच नव्हतं त्या लिली आणि कार्नेशन मंचाच्या पुढच्या बाजूला लावायच्या असं ठरलं. मास्तरांना इतका आनंद झाला होता की ते दुकानाबाहेर जाऊन दोनदा येरझारा घालून आले.

सभागृहात फुलं लागली. दिवे लागले. नवरा-नवरी आली, लोक आले, मंचासमोर उभे राहून फोटो काढू लागले. जर्बेऱ्याची जागा मोकळी राहिली होती तिथे फुलबाईंनी नुसता हिरवा पाला लावला होता, आणि नवरीच्या आईनं नेमकं त्याचंच कौतुक केलं. मास्तर एका खांबाआड उभे राहून गुलाबांवर नजर ठेवून होते. एकही मान खाली येत नव्हती. तरी ते मधूनमधून जाऊन फुलदाणीत बोट बुडवून येत, आणि पाहुण्यांपैकी एकानं त्यांना तसं करताना बघितलं तेव्हा त्यांनी फुलदाणी पुसत असल्याचं नाटक केलं.

सगळं उरकल्यावर व्यवस्थापक फुलबाईंना शोधत आला. खूश होता. पुढच्या महिन्यातल्या दोन समारंभांची फुलं तुमचीच, असं म्हणाला. फक्त एक अडचण होती. तुम्ही फोनवर कधी सापडत नाही, सारख्या बाजारात असता, तेव्हा दुकानात दुसऱ्या कोणाशी बोलायचं, असं त्यानं विचारलं.

फुलबाईंनी खांबाआडून डोकावणाऱ्या नवऱ्याकडे बोट केलं.

"ह्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "आमच्या दुकानात पाण्याचं हे बघतात."

मास्तरांनी ते ऐकलं. कारखान्यातल्या निरोपाच्या दिवशी त्यांच्याविषयी पुष्कळ चांगलं बोललं गेलं होतं, तेव्हा ते मजेत टाळ्या वाजवत बसले होते. आज मात्र व्यवस्थापकानं नाव-नंबर विचारला तेव्हा स्वतःचाच नंबर सांगताना ते दोनदा चुकले.

परत जाताना टेम्पोत मागे रिकाम्या बादल्या एकमेकींवर आपटत होत्या. लेक पुढे बसून पेंगत होती. मास्तर म्हणाले की महिना अजून पुरा झालेला नाही, आणि एवढी फुलं माझ्या हातून मेली, मग पाणी माझ्याकडे कसं काय दिलंस.

फुलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. दमल्या होत्या.

"मीठ घालणारा माणूस मला चालेल," त्या म्हणाल्या. "घालून गप्प बसणारा नसता चालला."

मास्तरांनी मागे हात लांबवून बादल्या धरून ठेवल्या, म्हणजे लेकीची झोप मोडणार नाही.